गंधाचा राँग नंबर

डिसेंबरात एक असाइनमेंट ऐनवेळी रद्द झाली. मग काय, बॅग भरली, भुसावळला उतरले आणि एस.टी.नं थेट यावल. मामाचं गाव! मागे सातपुडा, चुलीवर वांग्याचं भरीत... फुल टू रिचार्ज! पण मामाचा मूड ऑफ होता.

हरभऱ्याच्या शेतात काठ्यांना प्लॅस्टिकच्या लांब पिशव्या लटकवलेल्या दिसल्या.

‘‘मामा, हे काय?’’

‘‘कामगंध सापळा,’’ मामा जरा लाजतच म्हणाला.

कामगंध? मी मोबाइल गपचूप खिशात टाकला. स्टोरी होती ना!

भानगड अशी, की घाटे अळीची मादी पतंग रात्री पोटाच्या टोकातून गंध सोडते आणि नर त्याचा माग काढत येतो. तोच गंध कारखान्यात बनवून रबरी गोळीत भरतात. नर बिचारा डेटला म्हणून येतो आणि पिशवीत अडकतो. या सापळ्यानं अळ्या मरत नाहीत, तो शेतकऱ्याचा अलार्म आहे. सलग तीन रात्री आठ-दहा पतंग सापडले, की फवारणीची वेळ झाली समजायचं.

मामाच्या सापळ्यात होते दोन. आणि झाडांवर? घाट्यात डोकं खुपसून अळ्या निवांत जेवत होत्या. एक अळी ३०-४० घाटे फस्त करते म्हणे.

‘‘पतंग काही येऊनच नाही राह्यले, म्हणून मी बसलो बिनघोर,’’ मामा म्हणाला. बी-बियाणं, मजुरी, सगळा खर्च होऊन गेलेला.

रात्री नेटवर बसले. हा गंध म्हणजे एक केमिकल नाही, कॉकटेल आहे! घाटे अळीच्या मादीत मुख्य घटक दोन, प्रमाण साधारण ९७ ला ३. हे प्रमाण बदललं, की नराचा प्रतिसादही बदलतो. ‘करंट सायन्स’मध्ये २००३ साली आलेल्या अभ्यासात भारतातल्या वेगवेगळ्या ठिकाणचे नर वेगवेगळ्या मिश्रणांकडे ओढले गेले होते. युरोपियन कॉर्न बोरर या मक्यावरच्या किडीची तर कमालच. तिच्या एका गटात ९७ ला ३, तर दुसऱ्यात जवळपास उलटं, १ ला ९९. दिसायला सेम टू सेम, पण एकमेकांशी जुळणं कठीण!

आता मामाच्या सापळ्याची चूक हीच होती, असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. गोळी तीन-चार आठवड्यांनी बदलावी लागते, ती जुनी झाली असेल. सापळा पिकाच्या मानानं खाली बांधला गेला असेल. पण एकच गोळी सगळ्या देशात सारखी चालेल, हे गृहीत धरण्यात रिस्क आहे, एवढं नक्की.

सकाळी चहा घेताना मामाला हे सगळं सांगितलं. तो हसला.

‘‘म्हंजे आपल्यासारखंच की. इथं आपली लेवा बोली, धुळ्याकडे गेलं की अहिराणी. आणि ही गोळी बोलते पुस्तकातलं मराठी!’’

मास कॉमच्या दोन वर्षांत मला इतकं सोपं कुणी समजावलं नव्हतं.

यंदा मामानं सापळे पुन्हा लावलेत. गोळीची तारीख कॅलेंडरवर लिहिलीय आणि रोज सकाळी ओळीओळीनं फिरून घाटे उघडून बघतो. परवा त्याचा मेसेज आला : ‘सापळ्यात तीन. झाडावर जास्त. आजच फवारतो.’

अलार्म वाजला नाही, तरी मामा वेळेवर उठला होता.