पेनड्राइव्हने संगणक धावेल काय?

दुकानातला जुना संगणक मंदावला की कोणीतरी हमखास सांगतो, 'पेनड्राइव्ह लावा, पळू लागेल.' व्यापारी बांधवांनी हे ऐकून लगेच खिशात हात घालू नये, असे आमचे मत आहे.

सल्ला अगदीच बिनबुडाचा नाही. मायक्रोसॉफ्टने २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर 'रेडीबूस्ट' नावाची सोय दिली. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर रॅम म्हणजे गादी आणि हार्ड डिस्क म्हणजे गोदाम. गादीवर जागा थोडी असली की प्रत्येक ठाणासाठी नोकराला गोदामात धाडावे लागते. रेडीबूस्ट वारंवार लागणारा किरकोळ माल पेनड्राइव्हच्या फळीवर, दाराजवळ मांडून ठेवते. मोठा गठ्ठा मात्र गोदामातूनच येतो. शिवाय फळी ती फळीच, तिची गादी होत नाही! त्या काळी ५१२ एमबी रॅमच्या यंत्रांना याचा फायदा दिसला. रॅम १ जीबीच्या पुढे गेली तसा तो घटत गेला.

तेव्हा खर्च करायचाच तर हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी. गोदामच दुकानाला येऊन लागले तर फळी हवी कशाला? विंडोज ७ पासून तर वेगवान एसएसडी दिसली की रेडीबूस्ट आपणहून बाजूला होते. रॅम वाढवायची असल्यास प्रकार आधी पाहून घ्यावा. डीडीआर३च्या खाचेत डीडीआर४ बसत नाही, आणि उघडलेला माल दुकानदार परत घेईलच असे नाही.

पेनड्राइव्हचे खरे काम आम्हांला वेगळेच दिसते. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने हिशेब जपून ठेवावेत, असा कायदा आहे. जुन्या यंत्राची हार्ड डिस्क एके दिवशी बसली तर ही सारी बिले कोठून आणणार? रोज संध्याकाळी दुकान वाढवण्यापूर्वी हिशेबाची नक्कल पेनड्राइव्हवर घ्यावी. असे दोन ठेवावेत, एक दुकानात, एक घरी.

मात्र पदपथावरचा १ टीबीचा स्वस्त माल घेऊ नये. त्यात गजाची चोरी असते. संगणकाला माप १ टीबी सांगतो, आत जागा थोडकीच. ती भरली की फाइलींची नावे तेवढी दिसतात, आतला मजकूर गायब. घेतल्याबरोबर काठोकाठ भरून, फाइली उघडून पाहाव्यात आणि मगच हिशेब त्यावर ठेवावा.