पाटी नको, वाटाड्या हवा

अफनासी निकितिन जुन्नरला पोहोचला तेव्हा त्याच्याकडे विकण्यासारखी एकच मोलाची चीज उरली होती, ती म्हणजे त्याचा घोडा. त्वेर या रशियन शहरातून निघालेला हा व्यापारी व्होल्गेच्या मुखाशी आधीच लुटला गेला होता. पुढे चौल बंदरात उतरून, घाट चढून तो जुन्नरात आला आणि १४७०च्या आसपासचा एक पावसाळा त्याने इथे काढला. असदखान हा बहमनी राज्याचा इथला अंमलदार. आलेला माणूस मुसलमान नसून ख्रिस्ती रशियन आहे असं कळताच खानाने घोडा जप्त केला आणि अट घातली: धर्म बदललास तर घोडा परत आणि वर हजार मोहरा, नाही बदललास तर घोडा गेला आणि हजार मोहरांचा दंडही भर. विचाराला मुदत चार दिवसांची.

परदेशात सुरक्षित कसं राहावं याचे उपदेश करणाऱ्यांना ही गोष्ट फार आवडेल. अनोळखी मुलूख, लहरी सत्ता, एकटा प्रवासी. म्हणजे निष्कर्ष ठरलेलाच: परक्या ठिकाणी कुणावर विश्वास ठेवू नये, कुणाशी बोलू नये, आपण कोण, कुठले ते सांगू नये.

पण निकितिनने आपल्या प्रवासवर्णनात पुढचं जे लिहून ठेवलंय, ते या निष्कर्षाला मुळीच साथ देत नाही. मुदत संपत आली तेव्हा खोरासानचा एक खोजा मुहम्मद जुन्नरात आला. निकितिनने त्याला गळ घातली, त्याने खानाकडे जाऊन रदबदली केली, घोडा परत मिळवला आणि धर्मांतराचा विषयही मिटवला. म्हणजे परक्याला वाचवलं ते दुसऱ्या एका परक्या माणसाने, ज्याचा खानाकडे शब्द चालत होता. आणि खोटी ओळख? निकितिन ‘खोजा युसुफ खोरासानी’ या नावाने वावरत होता. ते सोंग उघडं पडलं तिथूनच तर संकट सुरू झालं. पुढे बिदरमध्ये त्याने हिंदूंना आपलं खरं नाव, खरा धर्म सांगितला. त्यानंतर त्यांनी आपलं खाणं-पिणं, व्यापार, पूजाअर्चा त्याच्यापासून काही लपवलं नाही, असं तोच नोंदवतो. त्याच निकितिनने देशबांधवांना कडवट इशाराही दिला आहे: हिंदुस्थानात जायचं तर आपला धर्म रशियातच ठेवून जा. तो इशारा खोटा म्हणता येणार नाही. मात्र तो सत्तेविषयी आहे. तिथल्या माणसांविषयीचं त्याचं मत त्याने बिदरच्या हकिकतीतून दाखवलंच आहे.

आज जुन्नर-आंबेगावात येणारा बहुतेक पर्यटक पुण्या-मुंबईचा असतो. भाषा तीच, नोटा त्याच, त्यामुळे आपण परक्या मुलखात आलोय हे त्याच्या गावीही नसतं. सह्याद्रीचा कडा मात्र त्याला थायलंडमधल्या फुकेतच्या समुद्राइतकाच अनोळखी असतो. त्याला भीती वाटते ती बिबट्याची. कृषी पर्यटन केंद्रात मुक्कामाला आलेल्या शहरी कुटुंबाचा पहिला प्रश्न हमखास तोच असतो. जुन्नर वनविभागात बिबट्याचा प्रश्न गंभीर आहे, यात वाद नाही. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यांत माणसं गेली, त्यानंतर लोकांनी मंचरला महामार्ग अडवला होता. पण ही झळ बसते ती उसाच्या कडेला राहणाऱ्या, पहाटे पाणी द्यायला जाणाऱ्या, अंगणात पोरं खेळवणाऱ्या माणसांना. रविवारी येऊन रविवारीच परतणाऱ्याचा घात होतो तो पाण्याने, शेवाळाने, धुक्याने आणि त्याच्या स्वतःच्या गाडीने.

जगाचा अनुभवही वेगळा नाही. रस्त्यावरच्या अपघातांत दर वर्षी सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२३चा अहवाल सांगतो. प्रवाशाच्या मनातला धोका मात्र कायम चेहरा असलेला असतो: पाकीटमार, ठग, वाघ-बिबट्या. वळणावर उभ्या केलेल्या गाडीला चेहरा नसतो, म्हणून माळशेज घाटात धुक्यात मधोमध गाडी थांबवून धबधब्याचा फोटो काढताना कुणाला भीती वाटत नाही.

दुष्ट माणसं नसतातच असा भाबडा दावा इथे करायचा नाही. नोव्हेंबर २०२२च्या अखेरीस मुंबईत खारमध्ये दक्षिण कोरियाच्या एका यूट्यूबर तरुणीचा रस्त्यावर विनयभंग झाला, तो तिच्या थेट प्रक्षेपणात जगाने पाहिला, दोघांना अटक झाली. त्याच वेळी तिच्या मदतीला धावले तेही अनोळखी मुंबईकरच. ‘अनोळखी माणसाशी बोलू नका’ हा नियम तिने अक्षरशः पाळला असता तर त्या मदतीलाही ती मुकली असती.

आता दुसरा पक्ष, सरकारी. ३० जून २०२४च्या रविवारी लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. लगेच जुलैत पुणे जिल्ह्यातल्या पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश निघाले. मावळ, मुळशीबरोबर जुन्नर आणि आंबेगावही त्यात होते. खोल पाण्यात उतरू नका, कड्यावर सेल्फी काढू नका, रील करू नका. आदेशात चूक एकही नव्हती. दुसऱ्या वर्षी १५ जून २०२५ला, पुन्हा रविवारीच, इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल कोसळून चौघे गेले. तो पूल धोकादायक असल्याची पाटी तिथे होती.

पाटीचा दोष हा की ती आषाढात आणि फाल्गुनात, कोरड्या दिवशी आणि ढगफुटीच्या दिवशी एकच वाक्य म्हणते. वाचणाऱ्याला पाटीपलीकडे शंभर माणसं मजेत भिजताना दिसतात, आणि तो डोळ्यांवर विश्वास ठेवतो. बंदीचं तर आणखी वाईट. जिथे बंदोबस्त असतो तिथून माघारी फिरलेली गाडी घरी जात नाही, पुढच्या निनावी ओढ्यावर जाते. तिथे ना पोलीस, ना दोर, ना मोबाइलला रेंज. आणि बंदीचा भुर्दंड पडतो तो कणसं भाजणाऱ्या, भजी तळणाऱ्या नाणेघाटाजवळच्या घाटघरच्या बाईला, जिचा पावसाळी हंगाम जेमतेम काही शनिवार-रविवारांचा.

खरं तर त्या हंगामात सर्वांत उपयोगी माणूस तीच असते. नाणेघाटाच्या पठारावर जुलैत उभं राहिलं की कळतं. कोकणातून येणारा वारा कड्याला थडकून वर उसळतो आणि खाली पडू पाहणारं पाणी उलटं फेकतो. हा उलटा धबधबा पाहायला माणसं थेट कडेवर जातात. वारा समोरून इतका रेटतो की शरीर नकळत त्याच्यावर रेलतं, आणि झोत मधेच तुटला की तोल पुढे जातो. पायाखाली कातळावर शेवाळाचा पातळ थर असतो, कोरड्यासारखा दिसणारा. धुकं उतरलं की दहा पावलांवरची गाडी दिसत नाही, मग कड्याची बाजू कुठली आणि रस्त्याची कुठली? ओढ्यांची तऱ्हा वेगळीच. उभं राहिलेल्या जागी थेंब नसतो, पण वर डोंगरात पाऊस कोसळून गेलेला असतो. पाणी गढूळ व्हायला लागतं, काडीकचरा वाहत येतो, आवाज बदलतो, आणि लोंढा यायला मग फार वेळ लागत नाही. गुडघाभर पाण्यात भिजणाऱ्या शहरी माणसाला या खुणा दिसूनही कळत नाहीत. या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी कुटुंबांचं आयुष्य हिरडा गोळा करण्यात आणि भातखाचरात गेलेलं असतं. त्यांना त्या न बघताही कळतात.

इथे प्रतिपक्ष एक जबरदस्त उदाहरण देऊ शकतो: माळीण. ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातलं हे गाव डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेच्या वर माणसं गेली. गावकऱ्यांना डोंगर एवढा कळत होता तर ते बाहेर का पडले नाहीत? आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देऊ नये. ओढ्याचा रंग पिढ्यान्‌पिढ्या पाहून कळतो; आख्खा उतार सुटणं एका पिढीला एकदाही दिसत नाही. तिथे भूवैज्ञानिक लागतो, पर्जन्यमापक लागतो, वेळीच गाव हलवणारं प्रशासन लागतं. पण माळीणची पहिली बातमी बाहेर कळली ती तिथे गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. रोजच्या वाटेवर रोजचं गाव दिसेना, हे ओळखायला रोजचाच माणूस लागला.

तेव्हा मागणी अशी: घाटघर, आहुपे, दुर्गवाडी, खिरेश्वर इथल्या तरुणांना प्रशिक्षण देऊन, ओळखपत्र देऊन हंगामापुरतं वाटाड्या म्हणून नेमावं आणि कडा किंवा धबधबा गाठायचा तर तो सोबत घेणं सक्तीचं करावं. शिवनेरीवर आग्या मोहोळ उठलं तर हात झटकू नका, तोंड झाका आणि खाली चला, हे सांगायला तिथे जिवंत माणूस हवा. जुन्नरला २०१८मध्ये राज्याने पर्यटन तालुका ठरवलं. त्या मानाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

परक्याने वाटेसाठी इथल्यांना मोल द्यावं, ही कल्पना इथे नवी म्हणावी तर तीही नाही. जुन्नरच्या लेण्यांतले शिलालेख यवन दात्यांची नावं सांगतात. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली, चिट नावाच्या यवनाने संघाला भोजनमंडप. समुद्रापलीकडून आलेली माणसं, किंवा त्यांची मुलंबाळं, या गावात देणगीदार म्हणून नाव कोरण्याइतकी रुजली होती. ती ज्या वाटेने येत त्या नाणेघाटात आजही दगडी रांजण उभा आहे, जकातीचा म्हणून ओळखला जाणारा. वाट वापरायची तर मोल द्यावं लागे.

जाणत्या स्थानिकाला विचारण्याचा हाच नियम जुन्नरकर परदेशी जातो तेव्हाही लागू आहे. द्राक्षबागायतदार अभ्यासदौऱ्यावर जातो, नारायणगावचं कुटुंब थायलंडला जातं, तेव्हा पासपोर्ट पोटाशी बांधलेला असतो आणि किनाऱ्यावरच्या लाल बावट्याकडे पाठ असते. परवाना नसताना स्कूटर भाड्याने घेतलेली असते. पासपोर्ट हरवला तर वकिलात आहे, परराष्ट्र खात्याचं ‘मदद’ पोर्टल आहे. आत ओढणाऱ्या लाटेवर दाद मागायला पोर्टल नाही. तिथल्या जीवरक्षकाला खुणेने का होईना, विचारावं: आज उतरू का?

वाटाड्यांच्या योजनेवर शेवटचा आक्षेप पैशांचा आणि जबाबदारीचा येतो. पैशांचं सोपं आहे. पेट्रोलवर, हॉटेलात हजारोंनी खर्च करणाऱ्या गाडीला ग्रामपंचायतीने आकारलेलं शुल्क जड जाणार नाही. पावती मात्र द्यावी आणि पैसा गावातच राहावा. जबाबदारीचं अवघड आहे. वाटाड्या असूनही कुणी दगावला तर गुन्हा कुणावर? गावचा पोरगा कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार असेल तर कोणी पुढे येणार नाही. म्हणून नेमणूक तहसीलदाराच्या सहीने व्हावी, विमा पर्यटकाचा आणि वाटाड्याचा दोघांचाही काढावा, आणि ‘आज कडा बंद’ म्हणण्याचा अधिकार त्या पोराला लेखी द्यावा, म्हणजे समोरचा कितीही मोठ्या गाडीतून उतरला तरी त्याला तो दाखवता येईल.