काळा डाग चालेल!

आमच्या विडी कामगारांच्या वस्तीत दाताचे उपाय दोनच : दुखेपर्यंत मिश्री, दुखल्यावर पक्कड. विड्या वळून मला शिकवणाऱ्या आईला सोलापूरची कडक भाकरी आमटीत भिजवल्याशिवाय खाता येत नाही.

तिसरा उपाय आहे. सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड! कीड मुळापर्यंत पोचण्याआधी थेंबभर लावायचे. चांदी साखरेचे आम्ल करणारे जंतू मारते, फ्लोराइड लाळेतले कॅल्शियम दातात पुन्हा बसवायला मदत करते. सुई नाही, ड्रिल नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांत घेतले.

किडलेली जागा काळी पडते, हे खरे. लोक विचारतील, पोरीचे लग्न कसे जमायचे? अहो, दुधाचे दात लग्नापर्यंत टिकतात थोडेच! महापालिकेच्या शाळांतून वर्षातून दोनदा हे का लावू नये?