करून पाहा : सायकलची फटफटी

मोटारसायकलला आपल्याकडे ‘फटफटी’ म्हणतात ते तिच्या आवाजावरूनच. मग सायकलने तसा आवाज काढला, तर तीही फटफटीच की!

उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही नांदेडहून लातूरला मामाकडे जायचो. तिथली पोरं चाकाला पुठ्ठा लावून भल्या सकाळी गंजगोलाईला चकरा मारायची. मला त्यांच्यापेक्षा मोठा आवाज हवा होता. मी पत्र्याची पट्टी बांधली, तीही पुढच्या चाकाला. पट्टी स्पोकमध्ये अडकली, चाक जागच्या जागी थांबलं आणि मी हँडलवरून थेट रस्त्यावर! चाकाचा आउट काढायला मामाचे पैसे गेले ते वेगळेच. तेव्हा पत्रा नको, काडी नको आणि पुढचं चाक तर नकोच.

जुनी लग्नपत्रिका घ्या. बोटभर लांब, दोन बोटं रुंद पट्टी कापा. सायकल स्टँडवर लावा. सीटखालून मागच्या चाकाच्या आसाकडे उतरणारी डावीकडची नळी धरा. उजवीकडे चेन असते. कपडे वाळत घालायच्या चिमट्याने पट्टी नळीला अशी लावा, की टोक नखभरच स्पोकमध्ये जाईल. हाताने पायडल फिरवा. फर्रर्र!

फ्रान्सच्या फेलिक्स सावार या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात दातेरी चाकाला पुठ्ठा लावून असाच आवाज काढला होता. सेकंदाला टोले जास्त, तेवढा सूर चढा.

पण बुलेट कुठे फर्रर्र करते? हिशेब करू. साध्या मोठ्या सायकलच्या मागच्या चाकाला ४० स्पोक असतात आणि एका फेऱ्यात ती सव्वादोन मीटरच्या आसपास जाते. ताशी १२ किलोमीटर वेगाला सेकंदाला दीड फेरा, म्हणजे ६० टोले! उभ्या बुलेटचं इंजिन मिनिटाला हजार फेरे घेतं असं धरा. दर दोन फेऱ्यांना एकदाच ‘फट्’, म्हणजे सेकंदाला आठच. आपल्याला टोले कमी करायचेत.

त्यासाठी दर दहाव्या स्पोकला, रिमच्या जवळ, पत्रिकेचा छोटा तुकडा दुमडून चिकटवा आणि वरून दोरा गुंडाळा. असे चार तुकडे, सगळे डाव्या बाजूच्या स्पोकना. आता चिमट्यातली पट्टी थोडी मागे ओढा. ती स्पोकला न लागता फक्त तुकड्यांना लागली पाहिजे. फेऱ्याला चार टोले. सायकल जरा दामटली, की सेकंदाला आठ!

स्पोक मात्र नीट मोजा. अंतर चुकलं, की बुलेट लंगडते : फट्-फट्... फट्.