फऱ्या आणि आंत्रविषार : शेजाऱ्याच्या लशीने तुमचे जनावर वाचत नाही

पावसाळा सुरू झाला की मला येणारे फोन बहुधा एकाच तऱ्हेचे असतात. "डॉक्टर, गोऱ्हा काल संध्याकाळी चांगला चरत होता. आज मागचा पाय टेकवत नाही, मांडीवर सूज आहे." सूज दाबली की चरचर आवाज येतो. हा फऱ्या, म्हणजेच एकटांग्या. पेनिसिलिन अगदी सुरुवातीला, भरपूर मात्रेत मिळाले तर जनावर वाचू शकते. पण बरेचदा एक-दोन दिवसांत खेळ संपतो.

हा रोग साधारण सहा महिने ते दोन वर्षे वयाच्या, अंगाने भरलेल्या जनावराला जास्त होतो. म्हणून "माझी जनावरं धडधाकट आहेत, लस कशाला?" हा प्रश्नच चुकीचा आहे. मेंढ्यांतील आंत्रविषाराचेही तेच. पावसानंतरचे कोवळे गवत किंवा जास्त धान्य पोटात गेले की आतड्यातले जंतू झपाट्याने वाढून विष तयार करतात. कळपातले सर्वांत गुबगुबीत कोकरू आधी जाते आणि उपचाराला वेळच मिळत नाही.

माझे स्पष्ट मत असे, की आपण या रोगांकडे लाळ्या-खुरकुतासारखे पाहतो, ही मोठी चूक आहे. लाळ्या-खुरकुत जनावराकडून जनावराला लागतो. गावातली बहुतेक जनावरे टोचलेली असली तर उरलेल्यांनाही थोडा आधार मिळतो. फऱ्याचे बीजाणू मात्र मातीत वर्षानुवर्षे टिकतात, आणि आंत्रविषाराचे जंतू निरोगी मेंढीच्या आतड्यातही असतात. त्यामुळे शेजाऱ्याने सगळा गोठा टोचून घेतला, तरी तुमच्या न टोचलेल्या जनावराचा धोका तेवढाच राहतो.

मग काय करायचे?

१. फऱ्याची लस सहा महिन्यांवरील जनावरांना दरवर्षी पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच द्या. शक्ती तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात.

२. मेंढ्यांना आंत्रविषाराची लस पहिल्यांदा देताना दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्या. दुसरी मात्रा चुकवली तर संरक्षण अपुरे राहते. गाभण मेंढीला विण्याच्या महिनाभर आधी टोचल्यास चिकातून कोकरांनाही संरक्षण मिळते.

३. लस बर्फाच्या डब्यातूनच आणा. उन्हात तापलेली लस टोचणे म्हणजे नुसती सुई टोचणे.

४. चारा आणि खुराक हळूहळू बदला.

५. अचानक मेलेले जनावर फाडू नका, कातडे काढू नका. तो फाशी रोगही असू शकतो आणि तो माणसालाही होतो. आधी पशुवैद्यकाला कळवा. त्यांच्या सल्ल्याने शव खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरा.

गोऱ्हा मेल्यावर मला बोलावलेत, तर मी फक्त रोगाचे नाव सांगू शकेन. मे महिन्यात बोलावलेत, तर तो बहुधा पोळ्याला सजलेला दिसेल.