एकाच ब्रशनं भागतं का?

आधीच कबूल करते, मी साताऱ्याची असले तरी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला!

मागच्या गॅदरिंगला स्टेजमागचा पडदा आमच्या ग्रुपनं रंगवला. हाताशी होता आठ नंबरचा एक गोल ब्रश. त्यानंच आकाश, त्यानंच गवत, त्यानंच कॉलेजचं नाव! आकाशाला ठिगळं पडली, अक्षरं थरथरली. यंदा सगळे म्हणतायत, "सरळ फ्लेक्स लावू." माझा विरोध आहे. चूक हातांची नव्हती, ब्रश निवडण्याची होती.

हे मला सांगलीतल्या एका बोर्ड रंगवणाऱ्या काकांनी दाखवलं. चपटा ब्रश आडवा ओढला तर जाड पट्टा, कडेवर फिरवला तर बारीक रेघ. देवनागरीतला जाड-बारीकपणा मनगटाच्या एका वळणात येतो. लांब केसांचा बारीक रिगर पोटात भरपूर रंग धरतो, म्हणून वेलीची लांब रेघ मध्ये तुटत नाही. पंख्यासारखा फॅन ब्रश जवळजवळ कोरडा टेकवला की गवत तयार. चपटा पण टोकाला गोलसर असलेला फिलबर्ट कडक कडा सोडत नाही. ढग आणि पाकळ्या त्याच्याच.

मित्रांनो, वर्कशॉपमध्ये भोक मोठं करायला आपण फ्लॅट फाईल घेतो का? मग इथंच एका हत्याराचा हट्ट कशाला?

दिवाळीच्या सुट्टीत औंधला गेले होते. भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी १९३८ साली उभारलेल्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रं आहेत. चेहऱ्याची कांती किती मऊ, आणि त्याच चित्रात साडीचे काठ, दागिने किती नेमके! एका चित्रात इतके वेगवेगळे स्पर्श लागतात, हे तिथं समोर उभं राहिल्यावर कळलं.

म्हणून गॅदरिंग कमिटीला विनंती, बाराच्या बारा नंबरचा गोल ब्रशचा संच नको. आकाशासाठी दोन इंची चपटा, अक्षरांसाठी एक लहान चपटा, एक फिलबर्ट, एक रिगर, एक फॅन, एवढं पुरे. फ्लेक्सचं दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकचं भेंडोळं होतं. ब्रश मात्र लगेच धुऊन केस वर करून ठेवले, तर पुढच्या बॅचलाही पुरतील. आणि पहिल्या दिवशी त्या काकांना मानधन देऊन शिकवायला बोलवूया. फ्लेक्स आल्यापासून त्यांचं काम कमी झालंय, हातातली कला नाही.

बघा पटतंय का!

— तृतीय वर्ष, यंत्र