सबवूफरच्या पेटीतला कापूस

सबवूफरच्या पेटीत पॉलिएस्टरचा कापूस भरला की पेटीतले प्रतिध्वनी शोषले जातात, असे सर्रास सांगितले जाते. कापूस उपयोगी आहे, कारण मात्र चुकीचे आहे. ५० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ ७ मीटर. दीड-दोन फुटांच्या पेटीत ती घुमणार कुठे? खरा खेळ उष्णतेचा आहे. स्पीकरचा पडदा आत आला की कोंडलेली हवा दाबली जाते, तापते आणि अधिक ताठ होते. तंतू ती उष्णता ओढून घेतात, त्यामुळे हवा नरम पडते आणि पेटी आहे त्याहून मोठी असल्यासारखी वागते. एडगर विल्चर यांच्या १९५४ च्या ‘एआर-१’ या बंद पेटीच्या स्पीकरमध्येही काचतंतू भरलेले होते.

मग ठासून भरावे का? मुळीच नको. सिद्धांतानुसार आकारमानाचा हा लाभ फार तर ४० टक्के. प्रत्यक्षात त्याच्या निम्मा मिळाला तरी पुष्कळ. अति भरले तर तंतूच जागा खातात. पोर्ट, म्हणजे हवा ये-जा करणारी नळी, असलेल्या पेटीत तर गच्च भरणे नुकसानीचेच, कारण पोर्टमधून डोलणाऱ्या हवेचा जोर तंतूंत विरतो. तिथे भिंतींना पातळ अस्तर पुरे. यावर कोणी म्हणेल, त्यापेक्षा पेटीच मोठी करा. जागा असेल तर खुशाल करावी, तेच उत्तम. पण गाडीच्या डिकीत किंवा वन-बीएचकेच्या हॉलमध्ये ती सोय नसते. तिथे बंद पेटीत थोडा थोडा कापूस वाढवत, दरवेळी ऐकून वा मोजून बघावे. फक्त तो सैल पिंजलेला असावा आणि स्पीकरच्या ड्रायव्हरमागचे हवेचे भोक मोकळे राहावे.